शिशापर्यंत रंग, पुढे खडू

नाना,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मेहरूणमध्ये कुठलीही सभा असली की ही धुळ्याची पोरगी बोलणार, हे आता सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मी उभी राहिले, हार घातलेल्या तुमच्या फोटोकडे पाहिलं, "नानांनी मला" एवढं म्हणाले आणि खाली बसले. शेजारच्या शकुंतला अक्कांनी पाठीवर हात ठेवला. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं. मी तसं वाटू दिलं.

खरं तर पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. नानांनी मला एक चूक दुरुस्त करायला सांगितली होती आणि मी ती केली नाही. एवढंच वाक्य. गेटवर, मोर्चात, कुणाच्याही कचेरीसमोर घसा फुटेस्तोवर बोलणारी मी हे वाक्य बोलायला घाबरले.

म्हणून लिहितेय. लिहिणं मला सोपं जातं, हे तुम्ही आधीच ओळखलं होतं. "तू बोलताना विचार करतेस. लिहिताना तुझा हात डोक्याच्या पुढे पळतो," असं एकदा म्हणाला होतात. मी ते कौतुक समजून बाबांना फोनवर सांगितलं होतं.

बाबांना तुम्ही कधी भेटला नाहीत. आमच्या धुळ्याच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे, तिच्यात त्यांच्या तरुणपणापासूनची पत्रकं आहेत. पाण्याची, वसतिगृहाची, बंद पडलेल्या गिरणीची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. इतर मुलींना आधी 'कमळ' वाचता येतं, मला 'निषेध' आला. बाबांचा एकच नियम होता: पत्रकात शंका छापायची नाही. वाचणाऱ्याच्या हातात कागद दोन मिनिटं राहतो, त्या दोन मिनिटांत आपण डळमळलो तर संपलं. हा नियम त्यांनी मालकांसाठी केला होता. मी तो तुमच्यावर चालवला.

मी बी.एस्सी.साठी जळगावला आले तेव्हा खोली मेहरूणमध्ये मिळाली आणि वाचनालय तिथून चार पावलांवर. पहिल्या दिवशी तुम्ही टेबलाशी बसून रसायनशास्त्राच्या पुस्तकात पेन्सिलीने काहीतरी लिहीत होतात. मला वाटलं, म्हातारा वाचनालयाचं पुस्तक खराब करतोय, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तुम्ही पुस्तक माझ्याकडे फिरवलंत. छापलेल्या समीकरणात ऑक्सिजनचा एक अणू कमी पडत होता. तुम्ही तो समासात बारीक अक्षरात भरला होता.

"छापलंय म्हणून खरं होत नाही," तुम्ही म्हणालात. "आणि पेन्सिल अशासाठी, की चूक माझीही असू शकते."

नंतर कळलं की तुम्ही जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होतात. परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, सर शिकवत असताना दाराआडच्या खोलीत उभं राहून सगळी व्याख्यानं ऐकली. तीच तीच, दरवर्षी. "म्हणून तर पाठ झालं," म्हणायचात. "विद्यार्थी एकदा ऐकून जातात."

वाचनालयाच्या मागच्या भिंतीवरचा तो मूलद्रव्यांचा तक्ता तुम्ही एकट्याने रंगवला होता. शिशापर्यंतची घरं ऑईलपेंटची, त्यापुढची खडूची. मधेच दोन घरं खडूची, त्रेचाळीस आणि एकसष्ट. मी विचारलं, रंग संपला का. तुम्ही म्हणालात, जे टिकत नाहीत त्यांना ऑईलपेंट कशाला. खडू पुसट झाला की तुम्ही स्टुलावर चढून ती घरं पुन्हा लिहायचात, एकशे अठरापर्यंत. बिस्मथच्या घराने मात्र तुम्हाला फार छळलं. लोक कैक वर्षं त्याला स्थिर समजत होते, मग कळलं की तोही फुटतो, पण इतका सावकाश की विश्वाचं वयसुद्धा त्यापुढे काही नाही. शेवटी तुम्ही त्याचं अर्धं घर रंगवलंत आणि अर्धं खडूने भरलंत. येणारा-जाणारा विचारायचा, हे अर्धवट का सोडलं. तुम्हाला सांगायला तेवढंच निमित्त हवं असायचं.

वाचनालय चालवणाऱ्या आपल्या मंडळाचा रविवारचा अभ्यासवर्ग त्या भिंतीसमोरच भरायचा. ज्या रविवारी तुम्ही जड मूलद्रव्यं का टिकत नाहीत ते सांगितलं, त्या दिवशी मी जरा उशिरा आले होते. सगळे सतरंजीवर गोल करून बसले होते, हातात हात धरून. मला वाटलं, हा कुठला नवा कार्यक्रम.

"जड आहेत म्हणून तुटतात, असं वाटतं ना?" तुम्ही सगळ्यांना विचारलंत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग तुम्ही माझ्याकडे पाहून आपल्या बोलीत म्हणालात, "पोरी, जड शे म्हनीसन तुटत नही. बठ्ठा बठ्ठास्ले ढकलतस, पन धरतस फक्त शेजारनाले."

तेव्हा दहा जण गोलात होते. तुम्ही सांगितलंत, समजा यातले सगळे प्रोटॉन. सगळ्यांवर धन भार, म्हणून प्रत्येक जण प्रत्येकाला दूर ढकलतो. पार समोर बसलेल्यालाही, कारण ही ढकल लांबवर पोचते. पण धरून ठेवणारं जे बळ आहे ते फार मोठं असलं तरी त्याचा हात आखूड. फक्त शेजारी बसलेल्याला धरता येतं. मग पाटीवर हिशोब मांडलात. दहा माणसांत भांडणाच्या जोड्या पंचेचाळीस. वीस माणसांत एकशे नव्वद. माणसं दुप्पट, भांडणं चौपटीच्याही वर, आणि प्रत्येकाच्या हातात शेजारी मात्र दोनच. खऱ्या केंद्रात शेजारी दोनापेक्षा जास्त असतात, पण हिशोब हाच. गोल जितका मोठा, तितका तो फुटायला टेकलेला.

ब्लाऊज शिवणाऱ्या शकुंतला अक्का तेव्हा म्हणाल्या, "माझं तर सगळ्या गल्लीशी भांडण आहे. मी पक्की प्रोटॉन."

"मग अक्का, तुमच्या दोन्ही अंगाला न भांडणारी माणसं बसवावी लागतील," तुम्ही म्हणालात, आणि खरंच दोघांना उठवून त्यांच्या शेजारी बसवलंत. हे न्यूट्रॉन. यांच्यावर भार नाही, हे कुणाला ढकलत नाहीत, पण शेजाऱ्याला प्रोटॉनइतकंच घट्ट धरतात. भांडणाऱ्यांना एकमेकांपासून जरा लांबही ठेवतात. हेलियमला दोन प्रोटॉनांमागे दोन न्यूट्रॉन पुरतात. शिशाला ब्याऐंशी प्रोटॉनांसाठी एकशे सव्वीस लागतात. घर मोठं तसे हे जास्त लागतात, आणि शिशाच्या पुढे तेही पुरे पडत नाहीत. युरेनियम अब्जावधी वर्षं तग धरतं. एकशे अठरावं सेकंदाचा हजारावा भागही नाही.

"मग नुसते न्यूट्रॉनच भरावेत," कुणीतरी म्हणालं.

"तेही चालत नाही," तुम्ही म्हणालात. "सगळेच शांत बसले तर त्यातला एखादा उठून प्रोटॉन होतो." खूप हसलो होतो आपण.

नाना, हे सगळं मला त्या दिवशी समजलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं. म्हणजे पुढे मी जे छापलं ते अज्ञानातून छापलं, अशी सबबही मला नाही.

मग शहरातल्या एका कॉलेजने सुट्टीनंतर चार परिचरांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. कंत्राटी होते, कागद नव्हता, तोंडीच. मंडळ त्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि आठवड्याभरात मंडळाचेच दोन भाग झाले. आमचं म्हणणं, लेखी हुकूम मिळेपर्यंत गेटवरून उठायचं नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, आधी संस्थेच्या लोकांशी बसून बोलू, नाहीतर ते चौघं कायमचे जातील. आम्ही त्यांना विकले गेलेले म्हटलं, त्यांनी आम्हाला पोरकट म्हटलं. एकाच सतरंजीवर बसलेली माणसं रस्त्यात समोरासमोर आली की दुकानाच्या पाट्या वाचायला लागली.

तुम्ही सकाळी आमच्याबरोबर गेटवर बसायचात, पाण्याची कॅन घेऊन. दुपारी त्यांच्याबरोबर संस्थेच्या ऑफिसात जायचात. तिथलं आम्हाला सांगायचात, आमचं तिथे सांगायचात, आणि सांगताना कुणाचा एकही शब्द तिखट करायचा नाहीत. मला ते सहन होईना. जो माणूस स्वतः जन्मभर परिचर होता, त्याने तरी मुठी आवळायला हव्यात असं मला वाटे. एक दिवस सगळ्यांसमोर मी विचारलं, "नाना, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"त्या चौघांच्या," तुम्ही म्हणालात.

मला ती पळवाट वाटली. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. हात डोक्याच्या पुढे पळाला. ते पत्रक आता समोर आहे. पाचवी ओळ अशी आहे: 'अणूच्या केंद्रात न्यूट्रॉन असतो. त्याला ना धन भार, ना ऋण. तो कुणाच्या बाजूचा नसतो, नुसतं वजन वाढवतो. अणू फुटतो तो याच ओझ्याने. आपल्यातले असे न्यूट्रॉन ओळखा.'

नाव घातलं नव्हतं. गरज नव्हती. मेहरूणात न्यूट्रॉन हा शब्द तुमच्याखेरीज कुणी कुणाला शिकवलाच नव्हता. शिव्या द्यायला मी तुमच्याच वर्गातला शब्द उचलला, आणि तो लागू व्हावा म्हणून त्याचं विज्ञान उलटं केलं. वाक्य झोकदार झालं होतं. आमच्या बाजूच्या पोरांनी ते गेटवर मोठ्याने वाचलं. तुम्ही तिथेच बसला होतात, कॅन मांडीशी धरून.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचनालयात आलात, पत्रक शर्टाच्या खिशात घडी करून. मी भांडायला तयार होते. सगळी उत्तरं रात्रीच पाठ करून ठेवली होती. तुम्ही घडी उलगडून टेबलावर ठेवलीत आणि त्या ओळीखाली नख ओढलंत.

"बाकीचं तुझं मत आहे, ते तुझ्याजवळ. पण न्यूट्रॉनचं चुकलंय."

माझी एकही पाठ केलेली ओळ कामाला आली नाही. मी म्हणाले, ती उपमा आहे.

"उपमा असली तरी खोटी कशाला? अकरावीची पोरं वाचतात हे. परीक्षेत लिहून येतील."

मी म्हणाले, "पत्रकाला शुद्धिपत्रक नसतं, नाना." बाबांचा नियम. तुम्ही म्हणालात, मग पुढच्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरात टाक, आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिलीत. मजकूरही तुम्हीच लिहून आणला होता, मला कष्ट नकोत म्हणून: 'मागील पत्रकात न्यूट्रॉनमुळे अणुकेंद्र फुटते असे छापले आहे, ते चूक आहे. जड अणुकेंद्र प्रोटॉनांच्या परस्परांना ढकलण्यामुळे फुटते. न्यूट्रॉन ढकलत नाही, धरून ठेवतो. वाचकांनी दुरुस्त करून वाचावे.' त्यात तुमच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी "बघते" म्हणाले. आणि पुढच्या पत्रकाचा मसुदा त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिला. कागद हाताशी होता म्हणून. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. जुने मसुदे चाळताना माझी घोषणा वाचली, कागद उलटला, तर तुमचं अक्षर.

आणि नाना, मेहरूणच्या तलावाच्या काठावर आपण शेवटचे भेटलो, ते राहिलंच. तोवर चौघांपैकी दोघांना परत घेतलं होतं, दोघांना नाही. आम्ही म्हणत होतो, दोघं आमच्या धरण्यामुळे आले आणि दोघं त्यांच्या बोलण्यामुळे गेले. ते नेमकं उलटं म्हणत होते. रविवारचा वर्ग बंद पडला होता. तुम्ही सावकाश चालत होतात, मधे मधे थांबत. मला वाटलं, पाणी बघताय. जवळ आल्यावर एकच विचारलंत, छापलं का. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दूध आलं का विचारावं तसं विचारलंत.

मी म्हणाले, "छापायला दिलंय."

तुमचा चेहरा केवढा उजळला. "शाब्बास," म्हणालात. खोटं बोलून मी तुमच्याकडून शाबासकी घेतली.

मग एका सकाळी वाचनालयाला कुलूप दिसलं.

प्रोटॉनांच्या त्या रविवारी वर्गाच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट सांगितली होती. न्यूट्रॉन केंद्राबाहेर एकटा काढला की तोही टिकत नाही, सरासरी पंधरा मिनिटं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, आणि त्याच्यामागे पुढचं वाक्य आपोआप तयार व्हायला लागलं. मी ते थांबवलं. माणसाचा अणू करून मी एकदा काय केलं ते पुरे झालं. तुमचं हृदय दुखत होतं, वर्षभर गोळ्या चालू होत्या, आणि आमच्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. यात उपमेला जागा नाही.

शोकसभेनंतर मी वाचनालयात गेले. खालच्या ओळींतला खडू जवळजवळ पुसला गेलाय. मी स्टुलावर चढले. पोलोनियम, ॲस्टटाइन, रेडॉन, एवढं लिहिलं. पुढे कुणाच्या घरात कोण, हे पुस्तक उघडल्याशिवाय आठवेना. तुम्ही पुस्तक न बघता एकशे अठरापर्यंत जायचात. खाली उतरून मी टेबलाशी बसले आणि शुद्धिपत्रक लिहिलं. वरचा भाग तुमचा, चिठ्ठीत होता तसाच, काना-मात्रा न बदलता. खाली माझं: 'ही चूक लेखिकेला छापण्याआधीच माहीत होती. त्या ओळीत ज्यांना उद्देशून लिहिलं, मंडळ फुटलं ते त्यांच्यामुळे नाही. ते दोन्ही बाजूंना धरून होते. दुरुस्ती करते असं त्यांना खोटं सांगितलं, हेही लेखिकेने इथे कबूल केलं आहे.' त्याखाली माझं पूर्ण नाव. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पेटीत एक प्रत ठेवायला पाठव."

शुद्धिपत्रकाच्या प्रती काढून, त्या जुन्या पत्रकांवर चिकटवायला, पत्रक जिथे जिथे वाटलं होतं तिथे मी खळीचं डबडं घेऊन निघाले. बहुतेकांनी ते कधीच टाकून दिलं होतं. मी खळ न लावता नुसती शुद्धिपत्रकाची चिठ्ठी देऊन पुढे जात होते. तिसऱ्या गल्लीत शकुंतला अक्कांचं घर. अक्कांनी मशीन थांबवलं. "थांब, आहे माझ्याकडे," म्हणत कापडांच्या गठ्ठ्यातून त्यांनी पत्रक काढलं. पाठीवर कुणाच्या तरी ब्लाऊजचं माप लिहिलं होतं, म्हणून टिकलेलं. मी ते उलटवलं.

पाचव्या ओळीत पेन्सिल होती.

'याच ओझ्याने' हे शब्द एका बारीक रेघेने खोडले होते, आणि समासात तुमच्या अक्षरात: 'न्यूट्रॉन धरून ठेवतो.' एवढंच. पुढचं वाक्य, 'आपल्यातले असे न्यूट्रॉन ओळखा', तसंच होतं. त्याला तुम्ही हात लावला नव्हता.

"घरोघरी फिरले ना ते," अक्का म्हणाल्या. "दम लागत होता, तरी. माझ्या ओट्यावर पाणी पिऊन गेले. मी म्हटलं, नाना, एवढं काय आहे त्यात, राहू द्या. तर म्हणाले, पोरीने छापायला दिलंय, पण येईपर्यंत लोकांकडे चुकीचं राहायला नको. तिनेच पाठवलंय मला." अक्का माझ्याकडे पाहत होत्या. "मला बरं वाटलं गं. म्हटलं, पोरगी तोंडाची फटकळ आहे, पण मनाने सरळ आहे. तूच पाठवलं होतंस ना त्यांना?"

नाना, हो म्हणणं किती सोपं होतं. तुम्ही माझ्यासाठी ते आयतं करून ठेवलं होतं, दम लागत असताना, एकेका दारात.

"नाही, अक्का," मी म्हणाले. "मी नव्हतं पाठवलं. मी छापायलाही दिलं नव्हतं. मी त्यांच्याशी खोटं बोलले."

अक्कांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. त्यांना वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून, एकेक शब्द पुटपुटत, त्यांनी ती खालच्या माझ्या नावापर्यंत वाचली. मग मशीनवरचं कापड बाजूला सारून पत्रक सपाट पसरलं, आणि तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरांवर आपला तळहात झाकून धरला, खळ लागू नये म्हणून.

"त्यांचं मोकळं राहू दे," अक्का म्हणाल्या. "तुझं खाली चिकटव."